अर्जात असंच लिहितात

खेड्यात मास्तरणीचं अक्षर साऱ्या गावाच्या वापरातलं असतं. कुणाचं रेशन कार्ड फाटलं, कुणाच्या शेतावर विजेची तार लोंबकळली, कुणाच्या दारापुढची नाली तुंबली, की माणूस शाळेच्या दारात येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "मॅडम, एक अर्ज लिवून द्या." बावीस वर्षांत मी असे किती अर्ज लिहिले असतील देव जाणे. मुलांच्या वह्या कमी तपासल्या आणि गावाचे अर्ज जास्त लिहिले, असं कुणी म्हटलं तर मी भांडायला जाणार नाही. मला त्याचा गर्वच होता. माझं अक्षर चांगलं आहे, आणि 'सदर', 'उपरोक्त', 'विनंती करण्यात येते की' हे शब्द माझ्या लेखणीतून आपोआप उतरतात. माझा अर्ज परत येत नाही असा गावात बोलबाला होता.

ही शाळा अमरावती आणि अकोल्याच्या मधल्या काळ्या मातीच्या पट्ट्यातली. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. दोन खोल्या, पत्र्याचं छत, अंगणात हापशी. हापशीचं पाणी असं खारं की खिचडीत मीठ टाकताना स्वयंपाकवाली बाई हात आखडता घ्यायची. मी अमरावतीहून एसटीनं तालुक्याला यायचे, तिथून काळीपिवळी जीपनं फाट्यापर्यंत, आणि फाट्यापासून पायी. शाळेत सुरुवातीला आम्ही दोघं शिक्षक होतो. एकाची बदली झाली, बदल्यात कुणी आलं नाही, आणि पहिली ते चौथी चार वर्ग मी एका खोलीत घ्यायला लागले.

आमच्या गावापासून शेजारच्या मोठ्या गावाला जायचे दोन रस्ते. एक डांबरी, फाट्यावरून वळसा घालून जाणारा, चार किलोमीटर. दुसरी पांदण, म्हणजे दोन्हीकडच्या शेतांच्या धुऱ्या-बांधांमधून जाणारी बैलगाडीची वाट. तिनं गेलं तर किलोमीटरही भरत नाही. पण ही वाट उन्हाळ्याची. पाऊस पडला की काळी माती घोट्यापर्यंत, मग पिंडरीपर्यंत पाय धरते. चप्पल तर पहिल्या दहा पावलांत जाते. मधे बिनपुलाचा नाला आहे. मृग लागला की पांदण बंद, ती दिवाळीनंतर कधीतरी उघडते. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, त्यामुळे कुणी ते बोलूनही दाखवत नाही.

ती पांदण पक्की व्हावी म्हणून सरपंचांनी एकदा माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. सरपंच म्हणजे मध्यम वयाचा, तंबाखू मळत बोलणारा, मनानं बरा माणूस. मी सरळ लिहायला घेतलं होतं की पावसाळ्यात चार महिने हा रस्ता बंद असतो. त्यांनी माझा हात थांबवला.

"तसं नोका लिवू मॅडम. मांगच्या खेपेले तसंच लिवलं होतं. 'रस्ता वापरात नाही' असा शेरा मारून वापस आलं. जो रस्ता चालूच नाई, त्याच्यावर कोन खडी टाकीन? चालू हाये म्हणून लिवा. वजनदार लिवा."

मला ते पटलं. अर्जाचा एक कायदाच आहे आपल्याकडे, तो कुठं छापलेला नाही पण सगळे पाळतात. जे पाहिजे ते मिळावं म्हणून जे नाही ते आहे असं लिहायचं. मी लिहिलं, 'सदर पांदण रस्ता पूर्वापार वहिवाटीचा असून गावकरी, रुग्ण व शाळकरी मुले त्यावरून बारमाही ये-जा करतात.' शाळकरी मुलं ही माझी स्वतःची भर होती. आमचं एकही मूल त्या वाटेनं शाळेत जात नव्हतं, कारण शाळा गावातच होती. पण वाक्याला वजन आलं. सरपंचांनी वाचून मान डोलावली आणि शिक्का मारला. रस्ता कुठल्याशा यादीत चढला. खडी काही आली नाही. आम्ही सगळे तो अर्ज विसरून गेलो.

पुढे एका वर्षी माझ्या दुसरीत एक मुलगी होती. बाप पुण्याकडे कुठल्याशा कंपनीत, सणावाराला यायचा. आई निंदणा-खुरपणीला, कापसाच्या वेचणीला जायची. सकाळी सातला मजुरीवाल्या बायांचा ऑटो यायचा, त्यात ती बसून जायची, आणि मागं ही पोरगी कडेवर दीड वर्षाची बहीण घेऊन शाळेत. नियमानं तसं चालत नाही. मी चालू दिलं. धाकटी वर्गाच्या कोपऱ्यात पोत्यावर झोपायची, रडली तर मोठी उठून तिला बाहेर हिंडवून आणायची, आणि परत येऊन पाटी घ्यायची.

पहिलीत ती अगदी मुकी होती. दुसरीच्या दिवाळीनंतर एकाएकी तिचं वाचन सुटलं. मूल वाचायला लागतं तो दिवस शिक्षकाला कळतो. खिचडीची ताटं मांडता मांडता ती भिंतीवर टेकवलेल्या पोत्यासमोर उभी राहिली आणि बोट फिरवत म्हणाली, "तां... दू... ळ. मॅडम, याच्यावर तांदूळ लिवलं हाये." त्यानंतर तिनं गावात काही सोडलं नाही. खताच्या थैल्या, निवडणुकीची जुनी भिंत, माझ्या पर्सवरची अक्षरं. चार वर्ग एकटीनं ओढून मी दमलेली असायचे, पण त्या पोरीपायी मला सकाळची एसटी पकडावीशी वाटायची. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. आता बोलते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या दहाबारा शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब, यांचा मोबाईलवर संदेश आला. सकाळी पावणेअकराला. 'अत्यंत तातडीचे. दुपारी चारपर्यंत माहिती भरावी.' सोबत एक तक्ता. पट किती, खोल्या किती, जवळच्या शाळेचं अंतर किती. पट अकरा, तो मी भरला. अंतराच्या रकान्यात चार लिहिलं. पुढे कंसात 'डांबरी रस्त्याने, पांदण पावसाळ्यात बंद' असं लिहायला गेले, तर तो रकाना अक्षरं घेईना. त्याला फक्त आकडा पाहिजे होता. माझ्यासमोर चार वर्ग बसले होते. मी आकडा ठेवला आणि तक्ता पाठवून दिला.

पंधरा दिवसांनी यादी आली, त्यात आमची शाळा होती. मोठ्या गावच्या शाळेत विलीन. अंतराच्या रकान्यात माझ्या चारच्या जागी शून्य पूर्णांक नऊ होतं.

मी केंद्रप्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, मी तुमचाच आकडा पुढं पाठवला." ज्या बाबूंनी तो तपासला ते म्हणाले, रस्त्यांच्या यादीशी ताळा करायचा आदेश होता, यादीत पांदण निघाली. यादीवाल्यांनी सांगितलं, आमच्याकडे आलं ते आम्ही चढवलं. वरच्या साहेबांनी दुसऱ्या शाळेपासून ठरलेल्या अंतराच्या आतल्या शाळा तेवढ्या वेगळ्या काढायला सांगितल्या होत्या, त्यांना आमच्या गावाचं नावही माहीत नसावं. मी आठवडाभर रोज कुणाला तरी फोन लावत होते. प्रत्येकानं आपल्यापुढचा कागद पुढे सरकवला होता आणि प्रत्येकजण खरं बोलत होता. भांडायला मला माणूसच सापडेना, आणि माझा स्वभाव भांडकुदळ.

गावात पालकांची सभा झाली. शाळा समितीचे अध्यक्ष चांगले पंधरा एकरांचे धनी, त्यांची दोन्ही मुलं पिवळ्या व्हॅननं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जात. अध्यक्ष व्हायला मूल शाळेत असावं लागतं, म्हणून भावाच्या मुलाचं नाव आमच्या पटावर ठेवलेलं. त्यांनी ठरावावर सही केली. विरोध करायचं त्यांना कारण नव्हतं. ज्यांना कारण होतं त्या बाया मजुरीला गेल्या होत्या. एकटी त्या पोरीची आई मजुरीचा दिवस पाडून आली होती. सभा उठल्यावर ती माझ्याजवळ आली.

"मॅडम, पान्यात माही पोट्टी पांदणीनं कशी जाईन? कडेवर लहानी. मी त सातलेच निंगतो घरून."

"मी पाहतो काही होते का," मी म्हणाले. गावात बोलताना मीही गावासारखीच बोलते.

"तुमी एक अर्ज लिवा न. तुमचं लिवलेलं चालते म्हणतात."

मी लिहिला. एवढं जीव ओतून मी कधी अर्ज लिहिला नव्हता. पांदण मृगापासून बंद असते, नाल्याला पूल नाही, लहान मुलांच्या जिवाला धोका आहे, सगळं लिहिलं. आईचा अंगठा घेतला, आणखी सहा बायांचे घेतले. यातला एक शब्द खोटा नव्हता. आठ दिवसांनी मला तालुक्याला बोलावणं आलं.

सभागृहात हरकतींच्या सुनावणीला वीसपंचवीस शिक्षक होते. एका शाळेला दोन मिनिटं मिळत होती. पट? अंतर? रस्ता? हरकत? पुढची. सुनावणी घेणारे साहेब तरुण होते, परीक्षा देऊन आलेले, आवाज चढवत नव्हते. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी फायलीतून दोन कागद काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. डावीकडचा मी पाहताक्षणी ओळखला. 'पूर्वापार वहिवाटीचा'. 'शाळकरी मुले'. 'बारमाही'.

"दोन्ही अक्षर तुमचंच दिसतंय मॅडम," ते म्हणाले. "यातला मी कोणता खरा धरू?"

मी म्हणाले, "साहेब, तो रस्ता मिळावा म्हणून केलेला अर्ज होता. अर्जात असंच लिहितात."

मागं कुणीतरी हसलं. सगळ्यांनीच तसे अर्ज लिहिलेले होते.

साहेब हसले नाहीत. दुसऱ्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "हाही अर्जच आहे ना?"

मी काही बोलू शकले असते. आत्ता चला, गाडी काढा, पांदण दाखवते, असं म्हणता आलं असतं. पण वैशाखाचे दिवस. पांदण दगडासारखी वाळलेली, साहेबांची गाडी तिच्यावरून आरामात गेली असती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन मिनिटं संपली आणि त्यांनी पुढच्या शाळेचं नाव घेतलं.

परत आल्यावर पोरीच्या आईनं विचारलं, काय झालं. मी सांगितलं, नाही ऐकलं त्यांनी. पहिल्या अर्जाचं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. मला लाज वाटली.

जूनअखेर शाळा मोठ्या गावात सुरू झाली. मलाही तिथंच नेमलं. अकरापैकी चौघांच्या आईबापांनी त्यांना मामाकडे, आत्याकडे पाठवलं. सात उरले. मुलांसाठी गाडी मिळावी म्हणून तिथल्या मुख्याध्यापकांनी प्रस्ताव पाठवला, तो परत आला. शाळा ठरलेल्या अंतराच्या आत असल्यानं वाहनाची सोय देय नाही. मुख्याध्यापकांनी तो कागद मला वाचायला दिला, मी तसाच त्यांना परत केला.

त्या वर्षी पाऊस लांबला होता, म्हणून पहिले तीन दिवस ती पोरगी आली. चौथ्या दिवशी पाऊस झाला. आली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, बहीण कडेवर, आणि चपला हातात. दहा वाजून गेले होते. तिथल्या वर्गात पंचेचाळीस मुलं, धाकटी रडायला लागली तेव्हा वर्गशिक्षिका म्हणाली, ही कुठून आणली? बरोबरच होतं तिचं. मी माझ्या वर्गातून उठून गेले आणि धाकटीला मांडीवर घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी नाल्याला पाणी आलं. त्यानंतर पोरगी आली नाही.

मी तिच्या घरी गेले, डांबरी रस्त्यानं, एका मोटारसायकलवाल्याला हात दाखवून. आई म्हणाली, "मॅडम, लहानीले कोन पाहीन? अन् नाल्यात वाहून गेली त? नोको मले. पानी उघडू द्या, मंग धाडतो." दिवाळीनंतर पांदण उघडली, पण तोवर वेचणी लागली होती, आणि पोरगी आईबरोबर कापूस वेचायला जात होती. मी आणखी दोनदा गेले. मग माझे गुडघे दुखायला लागले, हिवाळ्यात एसटी उशिरा यायला लागली, आणि मी जाणं सोडलं. इतकं साधं कारण होतं. काही मोठं घडलं नाही.

आता जे सांगते ते सांगताना मला बरं वाटत नाही. तिसरीच्या हजेरीत तिचं नाव होतं. चौथीत गेली तेव्हा तो वर्ग माझ्याकडे आला. मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्या गावची ही न येणारी नावं गळाली तर आपलं एक पद जाते. अन् इथं शेवटी आलेल्या तुमी." निवृत्तीला माझं एक वर्ष उरलं होतं. शेवटच्या वर्षी मेळघाटाच्या टोकाला जाऊन बसायचं मला झेपलं नसतं. शिवाय मूल शाळाबाह्य दाखवलं तर खुलासा वर्गशिक्षकालाच द्यावा लागतो, आणि खुलाशात पांदणीबद्दल लिहिलं असतं तर माझंच वाक्य पुन्हा माझ्यासमोर ठेवलं असतं कुणी. मी हजेरी भरायला लागले. रोज नाही, खरी वाटावी अशी. आठवड्यातून एखादा दिवस गैरहजर. तिसरीच्या बाईनंही हेच केलं होतं, माझ्या आधी, न बोलता. परीक्षेचे गुणही मी भरले. ती दुसरीत जशी होती तशी डोळ्यासमोर आणून भरले, त्यामुळे ते चांगलेच पडले.

एक मेला निकाल लागला. त्याच महिन्यात मी निवृत्त होणार होते. मुलं प्रगतिपुस्तकं घेऊन गेली, तिचं माझ्या टेबलावर राहिलं. मी ते पर्समध्ये टाकलं आणि पांदणीनं निघाले. बारा मिनिटांत गावात पोचले. कुठंही पाय अडखळला नाही.

आई घरीच होती, त्या दिवसांत कामं नसतात. पोरीनं तांब्याभर पाणी आणून दिलं. उंच झाली होती, हाताला सोलल्याच्या खुणा होत्या. धाकटी आता चांगली मोठी झाली होती, दाराआडून माझ्याकडे पाहत होती. मी प्रगतिपुस्तक पोरीच्या हातात दिलं.

"मी पास झाली का मॅडम?"

"झालीस. पाचवीत गेलीस."

आई हसली. "पाहा बाप्पा. न जाता पास." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. शाळेनं आपल्या पोरीवर उपकारच केले असं तिला वाटत होतं.

पोरगी उंबऱ्यात उजेडाला बसली. मुखपृष्ठावर स्वतःच्या नावावर बोट ठेवून तिनं ते वाचलं, एका दमात. मग पान उलटलं. बोट पहिल्या ओळीवर नेलं. "व... व ले काना... वा." पुढच्या अक्षरापाशी ती थांबली. बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मी वाट पाहिली. मला वाटलं, येईल, आत्ता येईल. तिनं बोट उचललं आणि पुस्तक माझ्याकडे केलं.

"इसरली ते आता सारं," आई म्हणाली. "तुमीच वाचून दाखवा न मॅडम. काय लिवलं हाये?"

माझंच अक्षर होतं, निळ्या शाईतलं. मी वाचून दाखवलं, "वाचन, उत्तम."

पोरीनं आईकडे पाहिलं, आणि मग पुन्हा माझ्याकडे. "अन् गणित?"

गणितही चांगलं होतं. मी तेही वाचून दाखवलं.